शेगावचे केस आणि आमच्या अम्मींचा पाय

२०२५ च्या जानेवारीचा दुसरा आठवडा होता. आमच्या आठवीच्या वर्गात एक मुलगी ओढणीच्या आत रुमाल बांधून आली. ओढणीचे आमच्या शाळेत कोणाला नवल नाही, पण आतला रुमाल कपाळाशी इतका आवळलेला होता की बाकीच्या मुलींना जे समजायचे ते समजले. ही मुलगी शेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातून रोज एसटीने खामगावला ये-जा करते. पहिल्या तासाला तिच्या बाकावर तीन जणी होत्या. मधल्या सुट्टीनंतर ती एकटीच होती.

आम्ही काय केले ते आधीच सांगून टाकतो. शाळा सुटल्यावर तिला थांबवले आणि म्हटले, "बेटा, बरं वाटेपर्यंत घरीच राहा. अभ्यास पाठवून देऊ." त्याच रात्री मोबाईलवर एक संदेश फिरत आला. केस गळण्याचा रोग लागट आहे, त्या गावांकडच्या लोकांचा कंगवा-टॉवेल तर सोडाच, हातसुद्धा हातात घेऊ नका, असे त्यात होते. तो आम्ही पालकांच्या गटावर पुढे पाठवला. वीस वर्षे फळ्यापुढे उभे राहून मुलांना "आधी प्रश्न विचारा" असे सांगणाऱ्या माणसाने एकही प्रश्न न विचारता तो पाठवला.

तेव्हाचे दिवस आठवा. बोंडगाव, कालवड, हिंगणा, भोनगाव, कठोरा ही नावे आपल्या जिल्ह्याबाहेर कोणाला माहीत नव्हती, ती एकदम दिल्लीच्या वाहिन्यांवर दिसू लागली. पहिल्या दिवशी डोक्याला खाज, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी केस ओढला की मुळासकट हातात, आणि चौथ्या दिवशी टक्कल. म्हातारे, तरुण, बाया, शाळकरी पोरे, कोणीच सुटले नाही. डिसेंबर २०२४ च्या सुरुवातीपासून जानेवारीपर्यंत अठरा गावांतल्या २७९ जणांची नोंद झाली. कोणी त्याला 'टक्कल व्हायरस' म्हटले आणि ते नाव चिकटले. न्हावी दाढी करायला तयार नाहीत, ठरलेली सोयरीक अडली, असे रोज कानावर यायचे. पुरुषाचे केस गेले तर तो टोपी घालतो. लग्नाच्या वयाच्या मुलीच्या घरात त्या दिवसांत काय चालले असेल ते आमच्या वाचक भगिनींना सांगायला नको.

आमची भाची अकोल्याला नर्सिंग करते, जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जानेवारीअखेर ती दोन दिवसांसाठी आली तेव्हा पिशवीत विटेएवढे पुस्तक होते आणि परीक्षा डोक्यावर. त्वचेचे विकार, दाह, जखम कशी भरते, हे धडे तिला पाठ करायचे होते. तिची सवय अशी की पुस्तक आमच्या हातात द्यायचे आणि आम्ही प्रश्न विचारायचे. आम्हाला त्यातले काही येत नाही हे तिला सोयीचे पडते, कारण मग समजावून सांगावे लागते, आणि समजावताना तिचे पाठ होते.

पहिला प्रश्न दाहाचा निघाला. तिने चार खुणा सांगितल्या: लाली, ऊन लागणे, सूज, वेदना. या चार खुणा दोन हजार वर्षांपूर्वी सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने लिहून ठेवल्या. पाचवी पुढे जोडली गेली, ती म्हणजे त्या अवयवाचे काम बंद पडणे. भाषेच्या शिक्षकाला इथे थांबल्याशिवाय राहवत नाही. मराठीत दाह म्हणजे जळणे, उर्दूत सोजिश, त्यातही 'सोज' म्हणजे जळणेच, आणि इंग्रजी शब्दातही ज्वाळा आहे. तिन्ही भाषांच्या लोकांनी सुजलेल्या जागेवर हात ठेवून पाहिला असणार.

भाची म्हणाली, "खाला, लोक समजतात दाह म्हणजे आजार. दाह म्हणजे शरीर कामाला लागलंय. रक्तवाहिन्या रुंद होतात, म्हणून लाली आणि ऊब. त्यांतून पाणी आणि पांढऱ्या पेशी बाहेर येतात, म्हणून सूज. सूज नसांवर दाबते, म्हणून दुखतं." मग पुस्तक उलटे करून तिने चित्रे दाखवली. सगळी गोऱ्या कातडीची. लालबुंद गाल, गुलाबी पाय. "आमच्या वॉर्डात असं लाल कोणी दिसतच नाही. सावळ्या अंगावर लाली जांभळट दिसते, नाहीतर नुसती काळपट. कधी दिसतही नाही. म्हणून आमच्या सिस्टर सांगतात, डोळ्यांवर विसंबू नका. हाताची पाठ लावा, दुसऱ्या बाजूच्या त्याच जागेशी ताडून बघा, कातडी ताणली गेलीय का, चमकतेय का ते पाहा." ही हाताच्या पाठीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग आम्ही वर्गातल्या मुलीचे सांगितले. घरी पाठवल्याचेही सांगितले. भाचीने तोंडावर काही म्हटले नाही, पण पुस्तकाची पाने मागे उलटली आणि आता प्रश्न तिने विचारायला सुरुवात केली.

"डोक्यातल्या बुरशीने केस जातात ते चकत्या-चकत्यांनी. कोंडा सुटतो, केस मध्येच तुटतात, आठवडे लागतात. चार दिवसांत सगळं डोकं साफ होत नाही. बरं, टायफॉइड झाला, बाळंतपण झालं, तर केस कधी गळतात?" हे आम्हाला माहीत होते. बाळाला तिसरा महिना लागला की आईचे केस न्हाणीघरात पुंजक्याने निघतात. "बरोबर. दोन-तीन महिन्यांनी. कारण शंभरातले ऐंशी-नव्वद केस कायम वाढीत असतात, धक्का बसला की ते आधी विश्रांतीत जातात, मग गळतात. पण वाढीतलाच केस मुळाशी अडला तर वाट बघत नाही, दिवसांत खाली येतो. कॅन्सरची औषधं घेणाऱ्यांचं तेच होतं. आणि काही विषांनी होतं. हे बाहेरून लागलेलं नाही, खाला. आतून आलंय."

कोणते विष ते तिला तेव्हा माहीत नव्हते. शासनाचे लोक, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक, सगळे गावात येऊन रक्त, लघवी, केस, पाणी, माती नेत होते. पाण्यात नायट्रेट आणि क्षार जास्त निघाले म्हणून बोट आधी पाण्याकडे गेले. पण पूर्णेच्या खोऱ्यातला तो खारपाण पट्टा आहे. तिथल्या विहिरी आज खाऱ्या झालेल्या नाहीत. आजोबा-पणजोबांनी तेच पाणी प्यायले आणि त्यांच्या पागोट्याखाली केस होते.

फेब्रुवारीत उत्तर आले ते महाडहून, रायगड जिल्ह्यातून. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचे नाव विंचूदंशासाठी साऱ्या जगात घेतले जाते. कोकणात विंचू चावला की पूर्वी शंभरातले चाळीसेक रुग्ण जात. यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे औषध वापरून ते प्रमाण एकाच्या आसपास आणले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जन्म मात्र आपल्या शेजारचा, जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा. ते या गावांत आले, लोकांशी बोलले आणि रेशनच्या गव्हाचे नमुने घेऊन ठाण्याच्या प्रयोगशाळेत पाठवले. रुग्णांच्या रक्तात सेलेनियम ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट जास्त आढळले, तर जस्त खूपच कमी, असे त्यांनी जाहीर केले. गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम. तोच गहू धुऊन तपासला तर १३.६१. म्हणजे वरून काही लागलेले नव्हते, दाण्यातच मुरलेले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही हे गणित वर्गात फळ्यावर घेतले. मराठीच्या तासाला गणित म्हणून मुले खूश. मोठ्या माणसाला दिवसाला ५५ मायक्रोग्रॅम सेलेनियम लागते, आणि ४०० च्या वर रोज जाऊ नये असे अमेरिकन पोषणतज्ज्ञांचे माप आहे. शेतात राबणारा माणूस पाव किलो कणकेच्या पोळ्या सहज खातो. १४.५२ चा चौथा हिस्सा ३.६३ मिलिग्रॅम, म्हणजे ३६३० मायक्रोग्रॅम. वरच्या मर्यादेच्या नऊ पट. चीनच्या हुबेई प्रांतात एन्शी भागात १९६१ ते १९६४ मध्ये गावेच्या गावे अशीच टकली झाली होती. लोकांची नखेही गेली होती. तिथे माणशी दिवसाला सुमारे ५ मिलिग्रॅम पोटात जात होते. अमेरिकेत २००८ साली एका पौष्टिक पेयात कारखान्याच्या चुकीने सेलेनियम २०० पट पडले आणि २०१ लोकांना त्रास झाला. केस गळणे आणि नखे ठिसूळ होणे, तिथेही तेच.

केसच का? केस आणि नखे केराटिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असतात आणि त्या प्रथिनाला घट्टपणा येतो गंधकाच्या जोडांमुळे. दहावीच्या पुस्तकात आवर्तसारणी आहे, ती काढून बघा. गंधकाच्या बरोबर खालच्या घरात सेलेनियम बसले आहे. दोघांचा स्वभाव इतका जवळचा की शरीर फसते आणि एकाच्या जागी दुसरे बसवते. मग जोड कच्चे राहतात. जिथे वाढ सर्वांत भराभर चालू असते तिथे ते आधी दिसते, म्हणून आधी डोके. नख महिन्याला जेमतेम ३ मिलिमीटर वाढते, त्याचा हिशेब उशिरा लागतो. आणि झालेही तसेच. एप्रिलमध्ये त्याच गावांत लोकांची नखे ठिसूळ होऊन गळू लागल्याच्या बातम्या आल्या. लोक पुन्हा घाबरले. पण तो नवा रोग नव्हता, डिसेंबरच्याच पोळीची बाकी होती.

हा गहू पंजाबकडून आला असे बावस्करांचे म्हणणे. पंजाबातल्या होशियारपूर आणि नवांशहर भागातल्या काही जमिनींत सेलेनियम फार आहे. शिवालिकच्या डोंगरांतून पुराने वाहून आलेला गाळ तिथे बसला आहे, आणि हे तिथल्या शेती शास्त्रज्ञांना कित्येक वर्षांपासून माहीत आहे. म्हणून आता पंजाबी शेतकऱ्याच्या नावाने बोटे मोडू नयेत. एका गावाला वाळीत टाकून झाले, आता दुसऱ्याला टाकायचे, असे नको.

आणखी एक, भाचीने मुद्दाम लिहायला सांगितलेले. केस गळू लागले की आपल्याकडे मुली दुकानातून केसांच्या 'व्हिटॅमिन' गोळ्या आणतात. पाकिटाच्या मागचे बारीक अक्षर वाचा. बऱ्याच गोळ्यांत सेलेनियम असते. थोडे लागतेच, पण दोन-तीन कंपन्यांच्या गोळ्या एकदम घेतल्या तर ज्यासाठी घेतल्या तेच उलटे होऊ शकते. कोंड्याच्या शाम्पूतले सेलेनियम सल्फाइड वेगळे, ते धड कातडीतून फारसे आत जात नाही. त्याला भिऊ नका.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही त्या मुलीच्या गावी गेलो. तिच्या आईने खाट टाकली, चहा ठेवला, आणि चहा हातात देताना म्हणाली, "मॅडम, आमच्या पोरीला तुम्हीच घरी राहायला सांगितलं होतं ना?" आवाजात राग नव्हता. आम्ही हो म्हटले आणि माफी मागितली. कान त्या दिवशीही तापले होते, आज लिहितानाही तापतात. पाच वर्षांच्या धाकट्या भावाचेही केस गेले होते, पण तो अंगणात उघड्या डोक्याने खेळत होता. मुलगी आतून बाहेर यायला तयार नव्हती. शेवटी आली. रुमाल काढला तर डोक्यावर बारीक लव दिसली. भाचीने सांगितले होते तसेच. मूळ शाबूत असले की केस परत येतो. भाजून कातडीचा पूर्ण थर जळाला, व्रण पडला, तर त्या जागी पुन्हा येत नाही, कारण मूळच जाते. इथे डोक्यावर व्रण कुठेच नव्हता.

कोपऱ्यात गव्हाचे अर्धे पोते होते. घरातली माणसे ज्वारीवर आली होती. आपल्याकडची जुनी माणसे ज्वारीच खात, गहू सणाला. रेशनवर तो महिन्याच्या महिन्याला घरात येऊ लागला. आता या पोत्याचे काय, हा त्या माऊलीचा प्रश्न होता. बकऱ्यांना घालू का? आम्ही तिथूनच भाचीला फोन लावला. ती म्हणाली, मुळीच नको, जनावरांचे खूर आणि केस याच कारणाने जातात, दूध-मांसातून ते पुन्हा आपल्याकडेच येईल. पोते तसेच बांधून ठेवा, आरोग्य खात्याची माणसे आली की दाखवा.

सोमवारी मुलगी शाळेत आली. आम्ही वर्गापुढे सांगितले की हा रोग लागट नाही आणि तिला घरी बसवणे ही आमची चूक होती. पालकांच्या गटावरही तसे लिहिले. पहिला संदेश चाळीस जणांनी पुढे पाठवला होता. दुरुस्तीवर दोन अंगठे आले.

आता अम्मींच्या पायाकडे येतो. या महिन्यात खरे तर तेच लिहायला बसलो होतो.

अम्मी आमच्याकडेच असतात. चौदा वर्षांपासून साखर आहे. फेब्रुवारीत नवी चप्पल चावली आणि उजव्या पायाच्या करंगळीजवळ फोड आला. अम्मींनी त्यावर हळद-तेल लावले, मग शेजारणीने दिलेला कसला तरी काळा मलम, आणि वर मोजा. गल्लीतल्या एका डॉक्टरांनी तो मोजा न काढता पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. आम्ही रोज विचारायचो, "दुखतं का?" अम्मी म्हणायच्या, "जरा भी नहीं." आम्ही निश्चिंत.

२ मार्चला पहिला रोजा होता. पहिल्याच आठवड्यात भाची आली. असरच्या आधी अम्मी वुजू करत होत्या आणि ती तांब्यातून पाणी घालत होती. तिने पाय पाहिला, पाणी ठेवले, आणि हाताची पाठ आधी उजव्या पायाला, मग डाव्याला लावली. पुन्हा उजव्याला. मग नाक जवळ नेले. आम्हाला म्हणाली, "खाला, उद्या सकाळी दवाखाना. आजच जाता आलं तर आजच."

पाय लाल नव्हता, थोडा काळपट. दुखत नव्हता. आमच्या हिशेबाने पाचांतल्या दोन खुणा नव्हत्या म्हणजे बरे चालले होते. पण मधुमेहात पायाच्या नसा हळूहळू मरतात. काटा टोचला, निखारा लागला तरी समजत नाही. दुखत नाही हीच तिथली वाईट खबर. आणि उजवा पाय डाव्यापेक्षा उघड गरम होता.

सरकारी दवाखान्यात सर्जन साहेबांनी वरची काळी, कोरडी खपली कापून काढली. अम्मींना वाटत होते खपली धरली म्हणजे जखम भरली. खाली पू होता. तसेच चालू राहिले असते तर आठवड्याभरात करंगळी आणि कदाचित आणखी काही कापावे लागले असते, असे ते म्हणाले. धनुर्वाताचे इंजेक्शन झाले, साखरेसाठी काही दिवस इन्सुलिन लागले.

पुढचे अडीच महिने आमचे घरच भाचीच्या पुस्तकातला धडा झाले. ड्रेसिंग दिवसाआड दवाखान्यात, आणि ती आली की तिच्या हाताने. तिने सांगितले की जखम चार पायऱ्यांनी भरते. आधी रक्त गोठते, ते मिनिटांत. मग दाह, पांढऱ्या पेशी येऊन घाण उचलतात, ते चार-पाच दिवस. मग नवे मांस आणि नव्या रक्तवाहिन्या, ते आठवडे. आणि शेवटी व्रण आवळून मजबूत होणे, त्याला महिने, कधी वर्ष. तरीही त्या जागेची ताकद पहिल्यासारखी कधीच होत नाही, फार तर ऐंशी टक्के. साखरेच्या रुग्णाची जखम दुसऱ्या पायरीवरच अडकून बसते. सफाई कामगार येतात पण काम संपवून जात नाहीत, अन् गवंड्यांना जागाच मिळत नाही.

तळाशी लाल, ओलसर, दाणेदार मांस दिसू लागले तेव्हा आम्ही घाबरलो. भाची खूश झाली. हेच हवे असते म्हणाली. आपल्याकडे जखम 'सुकली' म्हणजे चांगली, म्हणून राख, चुना, पावडर टाकून लोक ती सुकवतात. जॉर्ज विंटर नावाच्या संशोधकाने १९६२ मध्ये डुकरांवर दाखवले की झाकून ओलसर ठेवलेली जखम उघड्या कोरड्या जखमेपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने कातडी धरते. नवी पेशी ओलाव्यातून सरकते, खपलीखालून तिला वाट काढावी लागते. फेस येणारे औषध रोज ओतणेही तिने बंद करायला लावले. जंतूंबरोबर ते नव्या पेशीही मारते. मिठाच्या निर्जंतुक पाण्याने धुणे, डॉक्टरांनी दिलेले ड्रेसिंग, पायावर भार नाही, साखर ताब्यात, आणि जेवणात डाळ, अंडी, तीळ. जस्त इथेही आलेच. कातडी नव्याने विणायला ते लागते, म्हणून कमी पडले की जखमा रेंगाळतात.

अम्मींचे दुखणे मात्र वेगळेच होते. पट्टी भिजवायची नाही, मग वुजू कसा? मोहल्ल्यातल्या मौलाना साहेबांनी एका वाक्यात मार्ग काढला. बाकीचे अवयव धुवा आणि पट्टीवर ओला हात फिरवून मसह करा. रोज्यांवरून डॉक्टरांशी हुज्जत झाली, ती दोन दिवस टिकली. आजाऱ्याला सवलत आहे हे अम्मी आम्हाला लहानपणापासून सांगत आल्या, स्वतःवर वेळ आली तेव्हा त्यांना ते पटवायला नात लागली.

याच अम्मींनी नातीला नर्सिंगला पाठवायला सर्वांत जास्त विरोध केला होता. रात्रपाळी, परक्या माणसांचे अंग धुणे, लोक काय म्हणतील. तेव्हा आम्ही रुफैदा रजि. यांची आठवण दिली होती, ज्यांचा तंबू मस्जिद-ए-नबवीत जखमींसाठी उभारलेला होता. अम्मी म्हणाल्या होत्या, वो जमाना और था. एप्रिलमध्ये भाची त्यांचा पाय मांडीवर घेऊन बसलेली असताना अम्मींनी विचारले, "तुझी परीक्षा कधी आहे?" एवढेच.

बकरी ईदपर्यंत जखम बुजली. जागा पातळ, चकचकीत आहे. तिथे पुन्हा चप्पल चावू द्यायची नाही, अनवाणी फिरायचे नाही, गरम पाण्यात पाय बुडवायचे नाहीत. वुजूच्या जागी आता खुंटीवर एक छोटा सुती रुमाल असतो. आपण दिवसातून पाच वेळा पाय धुतो, ते चांगलेच. पण बोटांच्या बेचक्यांत पाणी राहिले तर तिथे कातडी पांढरी पडून भेगाळते, बुरशी धरते, आणि साखरेच्या माणसाला तेवढी फट पुरते. म्हणून प्रत्येक बेचका टिपून घ्यायचा, आणि रात्री झोपण्यापूर्वी तळवा आरशात पाहायचा. अम्मींना वाकता येत नाही म्हणून आरसा.

जूनअखेर शाळा उघडली. ती मुलगी आता नववीत आहे. एप्रिलमध्ये तिची दोन नखे गेली होती, ती अर्ध्यापर्यंत आली आहेत. मधल्या सुट्टीत मैत्रिणींनी फूटपट्टी लावून तिचे केस मोजले. साडेचार सेंटिमीटर. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, हे आम्ही फळ्यावर लिहून दिले होते, म्हणून त्यांनी हिशेबही करून पाहिला. बाकावर पुन्हा तिघी असतात.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात पत्रलेखनाचा तास होता. विषय मुलींनी सुचवायचा होता. तिने हात वर केला आणि विचारले, "मॅडम, रेशनचा गहू दुकानात येण्याआधी कोण तपासतं?" आम्हाला ते सांगता आले नाही. मग तोच विषय घेतला. पुरवठा अधिकाऱ्यांना अर्ज, विनंतीपूर्वक, एका पानात. चौतीस अर्जांत तिचा सर्वांत नीट होता. खाडाखोड एकही नव्हती, 'सेलेनियम' बरोबर लिहिले होते. तो आम्ही तिच्याच सहीने पाकिटात घातला आणि शाळा सुटल्यावर दोघींनी मिळून टपालात टाकला.